श्रद्धेचे रक्षण : ओवीने की आज्ञेने?

गेल्या वर्षी मार्गशीर्षात राजगुरुनगर येथे भीमेच्या काठी आमचे कीर्तन झाले. आरती आटोपून श्रोते पांगले, तरी एक तरुण मंडपाच्या खांबापाशी उभाच होता. मूळचा वसईकडचा, धर्माने ख्रिस्ती आणि चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस. कोणी फिरते उपदेशक त्याच्या घरी येऊ लागले होते. औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखविणे, असे त्यांनी त्याच्या मधुमेही आईच्या मनावर बिंबविले होते. माउलीने गोळ्या सोडल्या होत्या. "बुवा, ते ग्रंथातले आधार देतात. मला उत्तर सुचत नाही," असे म्हणताना त्याचा कंठ दाटून आला.

आम्ही सांगितले, "बाळा, आधी आईला डॉक्टरांकडे ने. मग तुमच्या धर्मगुरूंना भेट. आणि आईला एवढेच विचार की, ज्या संत लूकच्या नावाचे शुभवर्तमान ती भक्तीने वाचते, तो कोण होता? तुमचीच परंपरा त्याला वैद्य मानते. वैद्यकी देवाला अप्रिय असती, तर वैद्याच्या हातचे शुभवर्तमान तुम्ही शिरोधार्य मानले असते काय?"

एका हिंदू कीर्तनकाराने ख्रिस्ती मनुष्याची श्रद्धा दृढ करावी, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु स्वधर्माचे यथार्थ ज्ञान हाच भ्रामक उपदेशावरचा उतारा होय, हे सर्वच धर्मांना लागू आहे. याचे उत्तम उदाहरण आपल्या मराठीतच आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ मध्ये, देहावसान होईपर्यंत, तेथेच राहिले. त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतात गेले. तेथील नवख्रिस्ती लोकांना जुनी पुराणे वर्ज्य झाली होती आणि त्यांच्या जागी स्वभाषेत दुसरे काहीच नव्हते. कोरड्या आज्ञांनी मन भरत नाही, हे या परकीय साधूने ओळखले. त्यांनी मराठी आत्मसात केली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात श्रोते शंका विचारतात आणि वक्ता त्यांचे निरसन करतो. ही तर आपल्या पुराणांचीच पद्धती!

येथे एक कटू सत्य सांगणे आम्हांस प्राप्त आहे. त्या ग्रंथात ज्यास असत्य म्हटले आहे, त्यात आपली देवपूजाही येते. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती, हेही विसरता येत नाही. ते मत आम्हांस मान्य नाही. तथापि श्रोत्याच्या भाषेत, त्याच्या शंकेला मान देऊन बोलण्याची ती रीत आम्ही आदराने स्वीकारतो.

पुढे काय झाले पाहा. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने लोकभाषा सोडून देण्याचा हुकूम काढला. परंतु ख्रिस्तपुराण हस्तलिखितांतून जिवंत राहिले, १९०७ साली मंगळूर येथे पुन्हा छापले गेले आणि १९५६ मध्ये पुण्यात देवनागरीत अवतरले. आज्ञा इतिहासजमा झाली. ओवी मात्र टिकली.

वाचकहो, आपल्याही घरी चमत्काराचे आमिष दाखविणारे, औषध सोडावयास लावणारे बुवा येतात. त्यांना नुसते हाकलून भागत नाही. देवघरात मुलाने शंका विचारली असता "गप्प बैस" म्हणणारे घर अशा लोकांसाठी दार उघडे ठेवते. आपले ग्रंथ मुलांना सोप्या मराठीत सांगावेत, आणि उत्तर ठाऊक नसेल तेथे "मिळून शोधू" म्हणावे. त्याने श्रद्धा उणी होत नाही, उलट मूळ धरते.

त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो तरुण घरचा फराळ घेऊन आमच्याकडे आला. सोबत आई होती. डबा पुढे करीत ती म्हणाली, "बुवा, गोड तुमच्यासाठी. मला डॉक्टरांनी मना केलंय."

त्या माउलीस आरोग्य लाभो, हीच भगवंताच्या चरणी प्रार्थना.