मंगळाची हाक आणि पृथ्वीचे कान

हैदराबादच्या बसगाड्यांवर ‘ई.सी.आय.एल.’ ही अक्षरे आपण नित्य वाचतो. १९६७ साली स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्याच्या नावाने शहराचा एक चौरस्ताच ओळखला जातो. परंतु बंगळूरजवळील ब्यालालू येथील ३२ मीटर व्यासाची प्रचंड तबकडी याच कारखान्याने सिद्ध केली, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. ऑक्टोबर २००८ मध्ये चांद्रयान-१ निघाले, तेव्हापासून दूरच्या यानांशी भारताचा संवाद राखण्यात तिचा मोठा वाटा आहे.

तथापि एकटी तबकडी अपुरी पडते. यान किती दूर आहे आणि कोणत्या वेगाने जात आहे, हे ती उत्तम सांगते; ते नेमके कोणत्या दिशेस आहे, हे मात्र तितक्या सूक्ष्मपणे सांगू शकत नाही. आवाजाची दिशा आपल्याला कळते ती दोन कानांमुळे. तीच युक्ती येथे योजतात. हजारो किलोमीटर अंतरावरील दोन केंद्रे यानाचा एकच संदेश नोंदवतात आणि तो कोठे किती आधी पोचला, हे मोजतात. मग त्याच दिशेच्या आसपास असलेल्या, अतिदूर व अचल भासणाऱ्या एखाद्या क्वेसारच्या लहरीही तशाच मोजतात. दोहोंची वजाबाकी केली, की घड्याळांचे व वातावरणाचे बरेचसे दोष गळून पडतात. हिशेब सेकंदाच्या अब्जांशाचा आणि त्याहूनही सूक्ष्म असतो. अब्जांश सेकंदात प्रकाश जेमतेम ३० सेंटीमीटर जातो!

कान जितके दूर, तितकी दिशा अचूक. शिवाय पृथ्वी फिरत असल्याने कोणत्याही एका केंद्राच्या क्षितिजाखाली यान रोज मावळतेच. म्हणूनच येथे राष्ट्रांना एकमेकांचे दार ठोठवावे लागते. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेले आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. त्या प्रवासात कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन, स्पेनमधील माद्रिद व ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील नासाच्या केंद्रांचे साहाय्य झाले.

आणि हा व्यवहार एकतर्फी नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर टापूत पसरून एका दुर्बिणीसारखे काम करतात. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘स्कियापरेली’ यान मंगळावर उतरत होते. त्याचा क्षीण संदेश खरे तर मंगळाजवळील यानांसाठी होता. परंतु नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेच्या सहकार्याने खोडदने तो पृथ्वीवर टिपला. सुमारे पावणेदहा मिनिटांचा प्रवास करून येणाऱ्या त्या लहरींतील फरकांवरून यानाचा वेग कसा मंदावतो आहे, हे कळत होते. अपेक्षित अवतरणापूर्वीच तो स्वर थांबला.

यान आदळून नष्ट झाले होते. मातृयानाने पाठवलेल्या तपशिलावरून पुढे उलगडा झाला: मापनातील दोषामुळे आपण जमिनीवर पोचलो, असा यानाच्या संगणकाचा समज झाला, हवाई छत्री अकाली सुटली आणि ३० सेकंद चालावयाची इंजिने सुमारे ३ सेकंदांतच बंद पडली. यान वाचले नाही. पण त्याच्या अखेरच्या क्षणांची साक्ष मराठी मुलखातील एका गावी नोंदली गेली. पुढील यान सुखरूप उतरवू पाहणाऱ्यांना अशा नोंदी मोलाच्या असतात, मग त्या कोणत्याही देशात झालेल्या असोत.