संगजिरे : पावडरीच्या डब्यातला दगड

बाळाला न्हाऊ घातले की पंचात गुंडाळायचे आणि मानेच्या वळ्यांत, काखेत, मांड्यांच्या सांध्यांत भरपूर पावडर लावायची, ही आमच्या घरची जुनी रीत. गेल्या पावसाळ्यात आमच्या पुतणीला मुलगा झाला. चाळिसाव्याच्या न्हाणानंतर अम्मी डबा घेऊन बसल्या, तर पुतणी म्हणाली, "दादी, डॉक्टरांनी पावडर अजिबात लावू नका म्हणून सांगितलंय." अम्मींना ते लागले. "पाच मुलं याच डब्यावर मोठी केली मी," म्हणाल्या आणि उठून गेल्या. दोघींपैकी कोणाचीही बाजू न घेता आम्ही डब्यात असते तरी काय, याचा शोध घ्यायला बसलो.

डब्यात असतो चक्क दगड. इंग्रजीत टाल्क, आपल्याकडे संगजिरे. या शब्दात जिऱ्याचा काही संबंध नाही. फारसीत 'संग' म्हणजे दगड आणि अरबी 'जराहत' म्हणजे जखम. जखमेचे रक्त थांबवायला हकीम जी पूड वापरत, त्या 'संगे जराहत'चेच हे मराठी रूप. 'टाल्क' हा शब्दही अरबी 'तल्क'वरून युरोपात गेलेला. मात्र जुन्या ग्रंथांत 'तल्क' म्हणजे पुष्कळदा अभ्रक, त्यामुळे ते वाचताना गोंधळ होतो.

मॅग्नेशियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन एवढ्यांचे हे खनिज. त्याचे थर रुमाली रोट्यांच्या चळतीसारखे एकावर एक असतात. प्रत्येक थर आतून घट्ट, पण दोन थरांमधली पकड अगदी ढिली. बोटांत चोळले की थर एकमेकांवरून घसरतात आणि साबणासारखा गुळगुळीत स्पर्श होतो. मोह्स नावाच्या शास्त्रज्ञाने खनिजांच्या कठीणपणाची जी 1 ते 10 अशी पट्टी केली, तिच्यात हिरा 10 वर आणि संगजिरे 1 वर. नखानेही त्यावर ओरखडा उठतो. शिवाय ते पाण्याला दूर ठेवते, तेलाला जवळ करते आणि भट्टीतल्या उष्णतेलाही सहजासहजी दाद देत नाही.

एवढे गुण एका स्वस्त दगडात म्हटल्यावर कारखानदार ते सोडतील कसे? अंगाला लावायची पावडर हा त्याचा लहानसा उपयोग. कागद गिरण्या ते लगद्यात भरतात. रंगात ते असते, मोटारीच्या बंपरच्या प्लास्टिकला ते ताठपणा देते, विजेच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरांत जाते. औषधाच्या गोळ्या यंत्रात चिकटू नयेत म्हणून त्यांत चिमूटभर घालतात. पंक्चरवाला ट्यूबवर जी पांढरी पूड चोळतो, तीही बहुधा हीच. गंमत म्हणजे, ज्याचा गुणच घसरणे, तेच डॉक्टर चिकटवायलाही वापरतात. फुप्फुसाभोवती वारंवार पाणी साचत असेल, तर निर्जंतुक टाल्क आत सोडतात. त्याने दाह होऊन फुप्फुसावरचे दोन पडदे एकमेकांना चिकटतात आणि पाण्याला जागा उरत नाही.

स्वयंपाकघरात मात्र ते चोरून येते. हिंगात वजन वाढवायला संगजिऱ्याची पूड मिसळतात. थोडा हिंग पेलाभर पाण्यात ढवळून ठेवावा. पाणी जरा गढूळ झाले तर तो हिंगात असणाऱ्या पिठाचा परिणाम. पण तळाशी मातकट, जड गाळ बसला तर दुकान बदलावे.

आपल्या देशात हा दगड मुख्यतः राजस्थानात निघतो, उदयपूर, भीलवाडा, दौसा या भागांत. उत्तराखंडातल्या बागेश्वरलाही खाणी आहेत. तिथे त्याला खडिया म्हणतात. खाणींमुळे गावांतल्या घरांना तडे जाऊ लागले, तेव्हा 2025 च्या जानेवारीत तिथल्या उच्च न्यायालयाने या खाणकामाला स्थगिती दिली. आणि दगड दळणाऱ्या चक्क्यांवरच्या मजुरांच्या छातीत वर्षानुवर्षे ही धूळ साचते, त्याबद्दल पावडरीच्या डब्यावर काही लिहिलेले नसते.

आता डॉक्टरांच्या मनाईचे. पहिली गोष्ट साधी आहे. डबा झटकला की पूड हवेत उडते आणि बाळ ती श्वासातून ओढते. ती पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे इवल्या श्वासनळ्यांत अडकून बसते. डबा बाळाच्या तोंडावर सांडला तर जिवावरही बेतू शकते. दुसरी गोष्ट खाणीतली. संगजिऱ्याच्या शेजारी कधीकधी अॅस्बेस्टॉस सापडते आणि ते कर्करोग करते, याबद्दल शंका नाही. 2024 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने खुद्द टाल्कलाही 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले. बेबी पावडरीसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या एका कंपनीने हजारो दाव्यांनंतर, आरोप अमान्य करत, 2020 मध्ये अमेरिका आणि कॅनडात व 2023 पासून सगळीकडे टाल्क सोडून मक्याचे पीठ वापरायला घेतले. अर्थात पीठही श्वासात जायला नकोच.

हे सारे आम्ही अम्मींना वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "मग वळ्यांत ओल राहिली तर?" मऊ सुती कापडाने टिपून जरा वेळ उघडे ठेवायचे, असे पुतणीने सांगितले. हल्ली ते काम अम्मीच करतात. उरलेला डबा त्यांनी नाक्यावरच्या सायकलवाल्याला देऊन टाकला.