पॉली पॅव्हेलियनचा लुईस आणि त्याचे उस्ताद

करीम अब्दुल जब्बार हे नाव आपल्या घरांतल्या अनेक मुलांना ठाऊक असते. कोणी ब्रूस लीच्या सिनेमात तो सव्वासात फुटी माणूस पाहिलेला असतो, कोणी अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेतले त्यांचे ३८,३८७ गुण पाठ केलेले असतात. पण ते मुसलमान झाले तेव्हा व्यावसायिक खेळाडू नव्हते, कॉलेजात शिकत होते. म्हणून त्यांच्या कॉलेजची, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची गोष्ट सांगाविशी वाटते.

जॉन वुडन १९४८ मध्ये या संघाचे प्रशिक्षक झाले. त्याआधी त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवले होते, आणि शेवटपर्यंत ते स्वतःला शिक्षकच म्हणवीत. धर्माने ख्रिश्चन, रोज बायबल वाचणारे. यूसीएलएत येण्यापूर्वी ते इंडियाना राज्यातल्या एका कॉलेजचा संघ सांभाळत. १९४७ मध्ये त्या संघाला मोठ्या स्पर्धेचे आमंत्रण आले, पण काळ्या खेळाडूला तिथे खेळता येणार नव्हते. संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक काळा मुलगा होता, राखीव खेळाडूंपैकी. त्याच्यासाठी वुडन यांनी आमंत्रणच नाकारले. पुढच्या वर्षी नियम बदलला आणि ते वॉकरला घेऊनच गेले.

यूसीएलएत संघाला धड मैदानही नव्हते. वरच्या मजल्यावरचा एक कोंदट जिमखाना, त्यातच एकीकडे कुस्ती आणि दुसरीकडे जिम्नॅस्टिक्सचा सराव. सरावाआधी वुडन स्वतः फरशी पुसत. आगीच्या धोक्यामुळे तिथल्या प्रेक्षकांवर मर्यादा आली, तेव्हा घरचे सामने इतरांच्या हॉलमध्ये, अगदी एका हायस्कूलच्या हॉलमध्येही खेळावे लागले. पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले १९६४ मध्ये. म्हणजे सोळा वर्षांनी! दुसरे १९६५ मध्ये. दोन्ही वेळा संघाला हक्काचे छप्पर नव्हते. आपल्याकडे एखाद्या शाळेचा निकाल दोन वर्षे उतरला की मुख्याध्यापक बदलण्याची भाषा सुरू होते.

१९६५ मध्ये पॉली पॅव्हेलियन हे भव्य क्रीडागृह उभे राहिले. खर्चाचा मोठा वाटा उचलणाऱ्या एडविन पॉली यांचे नाव त्याला दिले. तिथला पहिला सामना संघाच्याच दोन तुकड्यांत झाला. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायची परवानगी नसे, त्यांचा वेगळा संघ असे. त्या पोरांनी देशाच्या विजेत्या संघाला ७५-६० असे हरवले. त्यांत न्यूयॉर्कहून आलेला, कॅथॉलिक घरातला एक लाजरा मुलगा होता, लू अल्सिंडर. हाच आपला करीम.

या मुलांना वुडन यांनी पहिल्या दिवशी काय शिकवले? मोजे कसे घालायचे. घडी राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. आम्ही शिक्षक पहिल्या दिवशी नियमांची यादी वाचून दाखवतो. मोज्यांपासून सुरुवात करायचे सुचत नाही. जिंकण्याविषयी ते फारसे बोलतच नसत.

लूचा संघ तीन वर्षांत ८८ सामने जिंकला आणि दोनच हरला. १९६७, १९६८ आणि १९६९ अशी सलग तीन विजेतेपदे मिळाली. उडी मारून चेंडू वरून थेट कडीत टाकण्यावर १९६७ नंतर कॉलेज स्पर्धेत बंदी आली. लूला रोखण्यासाठीच ती आली असे सगळे मानत. वुडन यांनी त्याची समजूत काढली की याने तुझा खेळ सुधारेलच. लूने एका हाताने डोक्यावरून चेंडू सोडण्याचा फटका इतका घोटला की पुढे वीस वर्षे कोणाला तो अडवता आला नाही.

पण मुलगा मैदानाबाहेर वेगळ्याच शोधात होता. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी त्याने माल्कम एक्स यांचे आत्मचरित्र वाचले. मक्केत हजच्या वेळी गोरे-काळे एका सफेत उभे पाहून माल्कम यांचे मन कसे पालटले, ते त्यात आहे. जून १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धाला नकार देणाऱ्या मुहम्मद अलींना पाठिंबा द्यायला क्लीव्हलँडमध्ये नामवंत काळे खेळाडू जमले, तेव्हा त्यांत वीस वर्षांचा लूही होता. कॉलेजात शिकणारा तो एकटाच.

१९६८ च्या ऑलिम्पिकला जायला त्याने नकार दिला. ज्या देशात आपल्या लोकांना न्याय नाही, त्याच्यासाठी कसे खेळायचे, हा त्याचा सवाल. धमक्यांची आणि शिव्यांची पत्रे आली. तो उन्हाळा त्याने न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांना खेळ शिकवण्यात घालवला, आणि त्याच उन्हाळ्यात कलिमा पढून इस्लाम कबूल केला. करीम अब्दुल जब्बार हे नाव जगाने स्वीकारायला १९७१ उजाडले.

उस्तादांनी काय केले? त्यांनी ना संघाच्या नावाची काळजी पुढे केली, ना आपला धर्म त्याच्यापुढे ठेवला. विचारले, ऐकून घेतले आणि सराव चालू ठेवला. एकदा एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने त्यांच्यासमोरच लूला काळ्यांसाठीची घाण शिवी दिली होती, तेव्हा या माणसाला काय बोलावे ते सुचेना. करीम यांनी हे सगळे पुढे लिहिले आहे. आपली मुले परक्या शहरात, परक्या धर्माच्या शिक्षकांकडे शिकायला जातात तेव्हा आई-वडिलांच्या पोटात जो गोळा येतो, तो मी पालकसभेत दरवर्षी पाहते. असे शिक्षक मिळतीलच असे नाही. पण असतात.

वुडन १९७५ मध्ये दहावे विजेतेपद घेऊन निवृत्त झाले. १९७८ मध्ये पॉली पॅव्हेलियनमध्येच यूसीएलएच्या मुलींनीही राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. आपल्या मुलींना हे जरूर सांगा. १९९० मध्ये करीम यांचा ३३ क्रमांक तिथे कायमचा राखून ठेवला गेला, तो आता दुसऱ्या कोणाला मिळत नाही. २००३ मध्ये तिथल्या मैदानाला वुडन आणि त्यांच्या पत्नी नेल यांचे नाव दिले गेले. वुडन २०१० मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी वारले. ते करीम यांना शेवटपर्यंत लुईस म्हणत, आणि करीम यांनी त्याचे कधी वाईट वाटून घेतले नाही. २०१७ मध्ये त्यांनी आपल्या उस्तादांवर एक अख्खे पुस्तक लिहिले, पन्नास वर्षांच्या दोस्तीचे.