धंदा घेणाऱ्याचे कर्ज धंद्याच्याच माथी
मँचेस्टर युनायटेडच्या पाठीराख्यांचा वाद व्यापाऱ्यांनी का समजून घ्यावा?

मँचेस्टर हे नाव आपल्या यंत्रमागधारकांना परके नाही. इचलकरंजीला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणतात ते इंग्लंडमधील या कापडनगरीवरूनच. गिरण्यांचा तो जमाना तेथेही मागे पडला आणि आज जगाला हे शहर माहीत आहे ते फुटबॉलमुळे. येथील मँचेस्टर युनायटेड या नामांकित क्लबचे पाठीराखे गेली वीस वर्षे आपल्याच क्लबच्या मालकांविरुद्ध उभे आहेत. सामन्याला जातात, संघासाठी घसा कोरडा करतात आणि त्याच मैदानाबाहेर मालकांविरुद्ध मोर्चेही काढतात.

वरवर पाहता हा खेळवेड्यांचा गोंधळ वाटेल. परंतु त्यांचे मुद्दे खेळाचे कमी आणि हिशेबाचे जास्त आहेत. धंदा विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज कोणी फेडायचे? कारभार बिघडला तर दोष व्यवस्थापकाचा की त्याला नेमणाऱ्याचा? धंद्याच्या नावाने जे बोलले जाते ते कोणाचे बोलणे मानायचे? हे तिन्ही प्रश्न दुकान, कारखाना वा भागीदारी चालविणाऱ्या प्रत्येकाचे आहेत.

कामगारांचा संघ, बाजारातील कंपनी

हा क्लब १८७८ साली न्यूटन हीथ येथील रेल्वे कारखान्याच्या कामगारांनी सुरू केला. हिरवा व सोनेरी हे त्यांच्या पोशाखाचे रंग होते. १९०२ मध्ये क्लब कर्जात बुडाला, तेव्हा जॉन हेन्री डेव्हिस या उद्योजकाने इतर काही जणांसह पैसा घालून तो वाचविला. त्याच वर्षी 'मँचेस्टर युनायटेड' हे नाव मिळाले. पुढे १९९१ मध्ये क्लबचे शेअर लंडनच्या शेअर बाजारात आले आणि हजारो पाठीराख्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे थोडे थोडे घेतले. नफ्याची त्यांना फार अपेक्षा नव्हती. आपल्या क्लबात आपलाही वाटा आहे, याचेच त्यांना समाधान होते.

पहिली मोठी लढत १९९८ मध्ये झाली. रूपर्ट मरडॉक यांच्याशी संबंधित बीस्कायबी या दूरचित्रवाणी कंपनीने ६२ कोटी ३० लाख पौंडांना क्लब घेण्याचा प्रस्ताव मांडला. पाठीराख्यांच्या संघटनांनी त्याला जोरदार विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता. सामने दाखविण्याचे हक्क विकत घेणारी कंपनीच क्लबची मालक झाली, तर ती सौद्याच्या दोन्ही बाजूंना बसेल. अडत्यानेच मालही पिकवायचा आणि भावही ठरवायचा, असा तो प्रकार झाला असता. मक्तेदारीची चौकशी झाली आणि एप्रिल १९९९ मध्ये ब्रिटिश सरकारने हा व्यवहार रोखला.

२००५ चा सौदा

यानंतर अमेरिकेतील व्यावसायिक माल्कम ग्लेझर व त्यांच्या कुटुंबाने २००३ पासून हळूहळू शेअर गोळा केले. मे २००५ मध्ये दोन मोठ्या आयरिश भागधारकांचा वाटा त्यांनी विकत घेतला आणि क्लब त्यांच्या ताब्यात गेला. क्लबची एकूण किंमत सुमारे ७९ कोटी पौंड धरली गेली. मात्र त्यातील ५० कोटींहून अधिक रक्कम कर्जाची होती. या कर्जाचा मोठा भाग क्लबची मालमत्ता तारण ठेवून उभा केलेला होता. सौद्यापूर्वी क्लबवर कर्ज नव्हते. सौद्यानंतर तो कर्जबाजारी झाला आणि तेही त्याने स्वतः एक पौंडही उसना घेतलेला नसताना.

आपल्याकडील उदाहरणाने हे नीट समजेल. समजा, ७९ लाख रुपयांचा एक चालता कारखाना आहे आणि त्याच्यावर कोणाचे देणे नाही. एक गिऱ्हाईक येतो, थोडी रक्कम आपल्या खिशातून देतो आणि उरलेले पन्नासएक लाख सावकाराकडून उचलून कारखाना घेतो. दुसऱ्या दिवशी तो कारागिरांना सांगतो, 'माझ्या कर्जाचे व्याज या कारखान्याच्या गल्ल्यातून जाईल.' कारखान्यात एकही नवा माग आलेला नाही, छपराचा एक पत्राही बदललेला नाही. तरीही दर महिन्याला रक्कम बाहेर जाऊ लागते. कमाई चांगली असेल तोवर हे कोणाच्या ध्यानात येत नाही. मंदी आली, की पहिला घाव दुरुस्ती आणि मजुरी यांवर पडतो.

असा व्यवहार कायद्यात कसा बसला, असे कोणी विचारील. सार्वजनिक कंपनीने आपलेच शेअर विकत घेण्यासाठी दुसऱ्याला आर्थिक मदत करण्यास ब्रिटिश कायद्याने तेव्हा मनाई होती. आपल्या कंपनी कायद्यातही, २०१३ च्या कायद्याच्या कलम ६७ प्रमाणे, सार्वजनिक कंपन्यांवर अशी मनाई आहे. ब्रिटनमध्ये खासगी कंपन्यांना मात्र काही अटींवर सूट मिळत असे. म्हणून पुरेसे शेअर हाती येताच ग्लेझर कुटुंबाने क्लबला शेअर बाजारातून काढून खासगी केले. कायद्यातील तरतुदीनुसार उरलेल्या लहान भागधारकांनाही प्रत्येक शेअरमागे ३ पौंड घेऊन वाटा सोडावा लागला. ज्यांना विकायचे नव्हते त्यांचेही शेअर गेले. पाठीराख्यांची खरी जखम येथे आहे.

कर्जाचा काही भाग तर फारच महागडा होता. त्यावरील व्याज वेळच्या वेळी न देता मुद्दलात मिळविले जाई आणि मग त्या वाढलेल्या रकमेवर पुन्हा व्याज चढे. त्याचा दर १४.२५ टक्के होता आणि २०१० मध्ये तो १६.२५ टक्क्यांवर गेला. जानेवारी २०१० मध्ये एकूण कर्ज ७१ कोटी ६५ लाख पौंड असल्याचे उघड झाले. म्हणजे पाच वर्षांत देणे कमी होण्याऐवजी कितीतरी वाढले. व्याज, कर्जाचे इतर खर्च आणि लाभांश मिळून मालकीच्या या पद्धतीपायी क्लबमधून १०० कोटी पौंडांहून अधिक रक्कम बाहेर गेली, असा हिशेब इंग्लंडमधील वर्तमानपत्रांनी वारंवार मांडला आहे.

दोष कोणाचा?

येथून पाठीराख्यांमध्येच दोन तट पडतात. एक गट म्हणतो, कर्जाचा बाऊ करू नका. २००५ ते २०१३ या काळात सर अॅलेक्स फर्ग्युसन यांच्या मार्गदर्शनाखाली क्लबने पाच वेळा लीग जिंकली आणि २००८ मध्ये युरोपचे विजेतेपदही मिळविले. फर्ग्युसन निवृत्त झाल्यावर खेळाडूंवर प्रचंड खर्च झाला, तरीही यश हुकले. २०१३ ते २०२४ या काळात पाच कायम प्रशिक्षक आले आणि गेले. २०२४-२५ च्या हंगामात संघ लीगमध्ये १५ व्या क्रमांकावर घसरला. या गटाच्या मते पैसा कमी नव्हता, तो उधळला गेला.

दुसरा गट म्हणतो, उधळणाऱ्यांना नेमले कोणी? मुरब्बी कारागिराच्या हातगुणामुळे आठ वर्षे कर्जाचे ओझे दिसले नाही. तो जाताच ते दिसू लागले. मैदानाच्या देखभालीकडे दुर्लक्ष झाले आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या गळक्या छपराची चर्चा सर्वत्र झाली.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. चांगला व्यवस्थापक वाईट भांडवलरचनेवर काही काळ पांघरूण घालू शकतो. ती सुधारणे मात्र त्याच्या हातात नसते, कारण कर्जाचे कागद त्याच्या सहीचे नसतात.

पैसा आला, पण कोठे?

'गुंतवणूक आली' हे शब्द व्यापारात फार फसवे असतात. २०१२ मध्ये क्लबचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात १४ डॉलर भावाने आले आणि सुमारे २३ कोटी डॉलर उभे राहिले. त्यातील साधारण निम्मी रक्कम क्लबचे कर्ज कमी करण्यास गेली आणि निम्मी मालक कुटुंबाला मिळाली. शिवाय कुटुंबाने स्वतःकडे ठेवलेल्या प्रत्येक शेअरला दहा मते व बाजारातील शेअरला एक मत, अशी रचना होती. म्हणजे लोकांकडून पैसे घेतले, पण अधिकार घरातच राहिला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ यांनी सुमारे १२५ कोटी पौंडांना २७.७ टक्के वाटा घेतला आणि खेळाचा कारभार हाती घेतला. ही मोठी रक्कम शेअर विकणाऱ्यांना मिळाली. क्लबसाठी म्हणून वेगळे देऊ केले ते ३० कोटी डॉलर. दुकानाचा वाटा विकला गेला, की रक्कम विकणाऱ्याच्या खिशात जाते, गल्ल्यात पडत नाही. हा फरक सामान्य पाठीराख्यांनी बरोबर हेरला. त्यानंतर सुमारे २५० नोकऱ्या कमी झाल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी कपात जाहीर झाली. हंगाम मध्यावर आला असताना उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड करण्यात आला आणि त्यात मुले व वृद्ध यांनाही सवलत ठेवली नाही. मार्च २०२५ मध्ये पाठीराखे काळे कपडे घालून मोर्चात उतरले.

क्लबचा आवाज कोणाचा?

तिसरा वाद क्लबच्या प्रसिद्धी विभागाचा आहे. युनायटेडची १९९८ पासून स्वतःची दूरचित्रवाहिनी आहे. सामन्याची अधिकृत पुस्तिका आहे आणि निवेदने काढणारे अधिकारी आहेत. पाठीराख्यांची तक्रार अशी, की हा विभाग पोसला जातो क्लबच्या पैशावर आणि बाजू सांभाळतो मालकांची. याला उत्तर म्हणून पाठीराख्यांनी स्वतःची मासिके चालविली. १९८९ मध्ये सुरू झालेले 'युनायटेड वुई स्टँड' त्यांपैकीच एक.

खरी माहिती पुष्कळदा जाहिरातीतून नव्हे, कायद्याने सक्तीच्या केलेल्या कागदांतून बाहेर आली. जानेवारी २०१० मध्ये क्लबने रोखे विक्रीला काढले, तेव्हा गुंतवणूकदारांसाठी जाड माहितीपत्रक छापावे लागले. मालक कुटुंबातील व्यक्तींना क्लबने १ कोटी पौंड उसने दिल्याची नोंद त्यात होती. हिशेब समजणाऱ्या पाठीराख्यांनी ते पान न् पान वाचून सोप्या भाषेत इतरांना समजाविले. मग हजारो लोक न्यूटन हीथच्या जुन्या हिरव्या-सोनेरी रंगांचे मफलर गळ्यात घालून मैदानात येऊ लागले. त्यात एकही अपशब्द नव्हता, पण अर्थ साऱ्यांना कळत होता.

एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बारा बड्या क्लबांनी स्वतंत्र 'सुपर लीग' काढण्याची घोषणा रात्रीतून निवेदनाद्वारे केली. पाठीराख्यांना कोणी विचारलेही नव्हते. दोन दिवसांत इंग्लंडमधील सहाही क्लबांना माघार घ्यावी लागली आणि युनायटेडच्या मालकांना जाहीर माफी मागावी लागली. २ मे रोजी संतप्त जमाव ओल्ड ट्रॅफर्ड मैदानात शिरला आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला.

दुसरा मार्ग आहे का?

२००५ मध्ये काही पाठीराख्यांनी सरळ वेगळा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. तेथे सभासद मालक आहेत आणि वाटा कितीही असो, प्रत्येकाला एकच मत, आपल्या सहकारी संस्थेसारखे. २०१५ मध्ये त्यांनी स्वतःचे मैदानही उभारले. पण २०१६ मध्ये तेथेही कारभारात उघडेपणा नाही अशी तक्रार झाली आणि पदाधिकाऱ्यांना जावे लागले. मालकी सभासदांची असली तरी हिशेब दाखविण्याचे काम आपोआप होत नाही, हे त्यावरून दिसते.

जर्मनीत १९९८ पासून नियम आहे, की क्लबच्या कंपनीत निम्म्याहून एक अधिक मत सभासदांच्या संस्थेकडेच राहील. लेव्हरकुझेन व वुल्फ्सबर्ग यांसारखे थोडे अपवाद आहेत. तेथे लीगच्या प्रसारणहक्कांच्या उत्पन्नातील वाटा बाहेरच्या गुंतवणूकदाराला देण्याचा बेत होता. पाठीराख्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने अडविले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बेत सोडावा लागला. इंग्लंडमध्येही २०२५ च्या कायद्याने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला. मालकाचा पैसा कोठून येतो हे पाहणे आणि क्लबचे बोधचिन्ह व रंग यांबाबत पाठीराख्यांचा विचार घेतला जातो की नाही हे पाहणे, ही कामे त्याच्याकडे आहेत. कर्ज काढून क्लब घेण्यावर मात्र सरसकट बंदी नाही.

या साऱ्यातून व्यापारी बंधूंनी काय घ्यावे? कोणी मोठा भागीदार धंद्यात येत असेल, तर तो किती आणतो यापेक्षा कोठून आणतो हे आधी विचारावे. कर्ज कोणाच्या नावावर, तारण कोणाचे आणि हप्ता कोणत्या गल्ल्यातून, हे तिन्ही करारात लिहून घ्यावे. आलेली रक्कम धंद्यात पडते की विकणाऱ्याकडे जाते, हेही पाहावे. वर्षाला एकदा ताळेबंद सर्व भागीदारांसमोर मोठ्याने वाचावा.

आणि एक गोष्ट गिऱ्हाइकांची. भाव पटला नाही तर आपले गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. क्लबचा पाठीराखा जात नाही, कारण त्याचे नाते बापजाद्यांपासूनचे असते. आपल्याकडेही अशी दोन-चार घरे असतातच, तीन पिढ्या एकाच दुकानातून लग्नाचा बस्ता बांधणारी. ती तक्रार करीत असतात तोवर ती आपली असतात. मँचेस्टरचे मालक त्या तक्रारीला गोंधळ समजले आणि वीस वर्षांनंतरही ती मिटलेली नाही.