'पिशवी' म्हणजे नेमकं काय?



मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात बायकांची आरोग्य बैठक घेतली. पंचवीस-तीस जणी होत्या. मी खडूने फरशीवर बाईचं मोठं चित्र काढलं, नुसती बाहेरची रेघ. मग खडू पुढे करून म्हटलं, "आपली पिशवी कुठे असते, तेवढं दाखवा."

आधी सगळ्या लाजल्या. मग एकीने बेंबीच्या वर गोल काढला. दुसरीने तो पुसून पोटभर मोठा गोल काढला. तिसरी म्हणाली, "पिशवीत लघवी साठते ना, मग खाली असंल." मागे बसलेली एक आजी म्हणाली, "ताई, माझी तर काढून टाकली. कुठून काढली ते मला कुठं माहीत?"

सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण हेच वाक्य मी माझ्या मायच्या तोंडून ऐकलं होतं.

मायचं कार्ड

माय ३१ वर्षांची होती. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. तिथे सांगितलं, "पिशवीला सूज आहे. पुढे कॅन्सर होईल. लेकरं झालीत ना, मग ठेवून काय करायची? काढून टाका." बाबांनी व्याजाने पैसे काढले आणि ऑपरेशन झालं.

त्यानंतर काही महिन्यांतच मायच्या अंगाची आग व्हायला लागली. थंडीतही घामाने भिजायची. झोप उडाली, चिडचिड वाढली. नातेवाईक म्हणायचे, बाहेरचं काही लागलं असेल. कुणी उतारा सुचवला, कुणी उपास.

मी जीएनएम नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेले आणि ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना, हा विषय शिकू लागले. सुट्टीत घरी आल्यावर ट्रंकेतलं मायचं डिस्चार्ज कार्ड सहज वाचलं. त्यावर लिहिलं होतं, 'टीएएच विथ बीएसओ'. पोट उघडून गर्भाशय काढलं आणि त्यासोबत दोन्ही बाजूंच्या नळ्या व दोन्ही अंडाशयंही काढली, असा त्याचा अर्थ. मायला फक्त 'पिशवी काढली' एवढंच माहीत होतं. बाकीचं तिला सात वर्षांनी तिच्या पोरीने सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे मला बाहेरचं काही लागलं नव्हतं."

म्हणून आज या पानावर आपण कुठल्या आजाराबद्दल नाही, तर आपल्याच शरीराच्या एका भागाच्या रचनेबद्दल बोलणार आहोत.

बरणीतलं गर्भाशय

त्याच वर्षी आम्हाला एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात नेलं होतं. काचेच्या बरण्यांमध्ये औषधी पाण्यात अवयव ठेवले होते. मॅडमनी एक बरणी दाखवली, "हे गर्भाशय." माझ्या तोंडून निघालं, "एवढंसं?" ते माझ्या मुठीपेक्षाही लहान होतं.

जुन्या काळी ग्रीसमध्ये लोक समजत, की गर्भाशय शरीरात इकडेतिकडे फिरतं आणि त्यामुळे बाईला आजार होतात. बाईच्या झटक्यांना 'हिस्टेरिया' म्हणत, तो शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरूनच आला. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचं 'हिस्टेरेक्टॉमी' हे नावही तिथलंच. शरीर उघडून डोळ्यांनी पाहायला सुरुवात झाली, तेव्हा असे गैरसमज गळून पडले. इटलीच्या फालोपिओ नावाच्या अभ्यासकाने १५६१ मध्ये गर्भाशयाच्या दोन नळ्यांचं नीट वर्णन केलं. आजही त्या नळ्यांना त्याच्या नावावरून 'फॅलोपियन ट्यूब' म्हणतात.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी विसरले नाही. शिकण्यासाठी शरीरं कुठून येतात? काही लोक मरणोत्तर देहदान करतात. पण आपल्या राज्यात १९४९ चा शरीररचना कायदा आहे. ज्या मृतदेहाचं कुणी वारस पुढे येत नाही, तो या कायद्याने वैद्यकीय महाविद्यालयाला देता येतो. फूटपाथवर, स्टेशनवर मेलेल्या माणसाला बहुधा कुणी न्यायला येत नाही. म्हणजे डॉक्टर, नर्स घडतात त्यात गरिबांच्या देहाचाही वाटा आहे. मग त्यातून मिळालेलं ज्ञान गरिबाच्या घरी का पोहोचू नये?

ओटीपोटाचा नकाशा

आता हात बेंबीवर ठेवा. तिथून खाली सरकवत न्या. जिथे पुढचं कडक हाड लागतं, त्याच्या मागे, कमरेच्या हाडांच्या वाडग्यात गर्भाशय असतं. म्हणजे पोटात नाही, ओटीपोटात. बेंबीच्या वर जेवणाचं पोट, त्याच्या उजवीकडे बरगड्यांखाली यकृत. तिथे दुखत असेल तर त्याचा गर्भाशयाशी संबंध नाही.

गर्भाशय उलट्या धरलेल्या लहान पेरूसारखं असतं. लांबी साधारण साडेसात सेंटिमीटर, रुंदी पाच आणि जाडी अडीच. वजन ५० ते ६० ग्रॅम. बाळंतपणं झालेल्या बाईचं थोडं मोठं असतं. भिंत जाड स्नायूची. नऊ महिन्यांत हाच स्नायू वाढून वजन किलोच्या आसपास जातं आणि बाळंतपणानंतर दीड महिन्यात ते पुन्हा आकसतं. आतलं मऊ अस्तर दर महिन्याला तयार होतं आणि गळून पडतं, तीच पाळी.

पेरूचं निमुळतं टोक खाली असतं. ते गर्भाशयाचं तोंड, योनीमार्गात उघडतं. आपल्याकडे ज्या कॅन्सरची जास्त भीती आहे, तो बहुतेक वेळा या तोंडाचा असतो.

वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन बारीक नळ्या निघतात, सुमारे दहा सेंटिमीटर लांब. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनमध्ये फक्त या नळ्या बांधतात किंवा कापतात. गर्भाशय जागेवरच राहतं, म्हणून पाळी येत राहते. बऱ्याच जणी यालाही 'पिशवीचं ऑपरेशन' म्हणतात आणि इथेच घोटाळा होतो.

नळ्यांच्या टोकाशी, दोन बाजूंना, बदामाएवढी दोन अंडाशयं असतात. त्यांची दोन कामं. महिन्याला एक स्त्रीबीज सोडणं आणि शरीराला लागणारे हार्मोन बनवणं. हे हार्मोन रक्तातून सगळीकडे जातात. हाडं भक्कम राहणं, हृदयाच्या रक्तवाहिन्या, झोप, त्वचा, योनीमार्गाचा ओलावा, सगळ्यावर त्यांचा परिणाम असतो. लेकरं झाली म्हणून अंडाशयाचं काम संपत नाही. पाळी आपसूक जाईपर्यंत, म्हणजे साधारण पंचेचाळीस ते पन्नाशीपर्यंत, ते चालूच असतं. माझ्या मायचं ते काम ३१ व्या वर्षी एका दिवसात बंद झालं.

गर्भाशयाच्या पुढे लघवीची पिशवी, मागे संडासाचं आतडं. तिघं एकमेकांना चिकटून शेजारी राहतात. मूत्रपिंडाकडून लघवी आणणारी नळी गर्भाशयाच्या तोंडापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून, मोठ्या रक्तवाहिनीच्या खालून जाते. म्हणून हे ऑपरेशन 'छोटं' नसतं. शिकलेल्या हातालाही तिथे जपावं लागतं.

गर्भाशय हवेत लटकत नाही. खालून स्नायूंची झोळी आणि बाजूंनी बंध त्याला धरून ठेवतात. लागोपाठ बाळंतपणं, बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी, जुना खोकला, संडासला कुंथणं यांनी ही झोळी सैल पडते. मग अंग बाहेर येतं.

काय झालं तर काय करावं

पांढरं जाणं: पाळीच्या मधल्या दिवसांत किंवा पाळीआधी थोडं पातळ पांढरं जाणं नैसर्गिक आहे. वास, खाज, दह्यासारखे गोळे किंवा पिवळा-हिरवा रंग असेल तर तो जंतुसंसर्ग. त्यावर औषधं आहेत आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. काही संसर्गांत नवऱ्यानेही औषध घ्यावं लागतं, नाहीतर आजार परत येतो. यासाठी गर्भाशय काढायची गरज नाही.

कंबरदुखी: अशक्तपणा, ओझी, वाकून काम, मणक्याचा त्रास अशी अनेक कारणं असतात. नुसत्या कंबरदुखीवर गर्भाशय काढणं हा उपाय नव्हे.

सोनोग्राफीचे शब्द: 'बल्की युटेरस' म्हणजे गर्भाशय थोडं मोठं दिसतं. लेकरं झालेल्या बाईत ते नेहमीचं आहे. 'फायब्रॉइड' म्हणजे स्नायूची गाठ. ती बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. लहान असेल, त्रास नसेल तर फक्त लक्ष ठेवायचं. पाळी गेल्यावर ती बहुधा आकसते. अंडाशयातली पाण्याची लहान 'सिस्ट' बरेचदा दोन-तीन महिन्यांत आपोआप जाते, तेव्हा पुन्हा सोनोग्राफी करून बघावं.

अंग बाहेर येणं: सुरुवातीला स्नायूंचे व्यायाम उपयोगी पडतात. लघवी रोखताना जसं आवळतो तसं आवळून मनात पाचपर्यंत मोजायचं आणि सोडायचं. दिवसातून तीन वेळा, दहा-दहा वेळा. फार बाहेर येत असेल तर मात्र ऑपरेशन लागू शकतं.

गर्भाशय काढणं खरोखर गरजेचं कधी? कॅन्सर असेल तेव्हा. मोठ्या गाठींमुळे रक्तस्राव औषधांनीही थांबत नसेल तेव्हा. बाळंतपणात रक्त थांबत नसेल आणि बाईचा जीव वाचवायचा असेल तेव्हा. अशा वेळी घाबरून टाळाटाळ करू नका. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, किंवा संबंधानंतर रक्त आलं, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. तिशीनंतर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी दर पाच वर्षांनी करून घ्या. सौम्य व्हिनेगर लावून बघतात, पाच मिनिटांचं काम आहे. सरकारी आरोग्य केंद्रात ती कधी होते ते आशाताईला विचारा. कॅन्सरच्या भीतीवर उपाय हा आहे, निरोगी गर्भाशय काढणं नव्हे.

बीडची गोष्ट

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यात अगदी तरुण बायकाही होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मजुरी बुडते आणि वर दंडही भरावा लागतो. फडावर पाणी नाही, संडास नाही, त्यामुळे संसर्ग वारंवार होतो. त्यात कुणी सांगितलं, 'काढून टाका, कटकट मिटेल', तर बाई तयार होते. तिच्या गरिबीचा त्यात हात आहेच. पण काय काढतात हे तिला कुणी समजावून सांगितलं नाही, हेही तितकंच खरं.

पुढे केंद्र सरकारने विनाकारण गर्भाशय काढण्याला आळा घालण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. कायदा आपल्या बाजूने आहे, पण दवाखान्याच्या टेबलासमोर आपण एकट्याच असतो. म्हणून प्रश्न पाठ करून जा.

सही करण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. मला कुठला आजार आहे? त्याचं नाव कागदावर लिहून द्या.
२. गोळ्या-औषधं किंवा दुसरा उपाय करून बघता येईल का?
३. नेमकं काय काढणार? गर्भाशय, तोंड, नळ्या, अंडाशयं? अंडाशयं काढणार असाल तर का?
४. दोन-तीन महिने थांबलं तर काय होईल?
५. काढलेला भाग तपासायला पाठवणार का? त्याचा रिपोर्ट मला कधी मिळेल?

विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगले डॉक्टर आनंदाने सांगतात. तातडीचं नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दुसरं मत घ्या, तो आपला हक्क आहे. आपले कागद मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी, रिपोर्ट एका पिशवीत नीट ठेवा. ज्यांचं ऑपरेशन आधीच झालं आहे, त्यांनी कार्ड काढून अंडाशयं ठेवली आहेत का ते आशाताईकडून किंवा नर्सकडून वाचून घ्यावं. काढली असतील आणि वय पंचेचाळीसच्या आत असेल, तर हाडांसाठी आणि हार्मोनच्या औषधांसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अंगाची आग, घाम यांवर उपाय आहेत, ते मुकाट्याने सोसू नका.

त्या बैठकीत शेवटी आम्ही फरशीवरचं चित्र पुन्हा काढलं. या वेळी ओटीपोटात उलटा पेरू, दोन नळ्या, दोन बदाम, पुढे लघवीची पिशवी, मागे आतडं. त्या आजी उठून आल्या, वाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, "नातीला बोलावते, तिला बघू दे." त्यांची बारा वर्षांची नात आली. तिने खडू घेतला आणि चित्राशेजारी सगळी नावं लिहिली.

हे पान वाचून झालं की तुम्हीही घरात पाटीवर किंवा वहीत हे चित्र एकदा काढा. मुलींना दाखवा, मुलांनाही दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.