सगळ्यांचा होकार होईपर्यंत: मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागले की तासाभराच्या आत मेंढा येते. शेजारच्या लेखा गावाचे नाव जोडून सरकारदरबारी आणि बाहेरच्या जगात ते ‘मेंढा (लेखा)’ झाले. घरे शंभरच्या आसपास, माणसे पाचशेच्या आसपास, जवळपास सगळी गोंड. भाताची शेती, जवळून वाहणारी कठाणी नदी आणि भोवती सुमारे १,८०० हेक्टर जंगल: साग, बांबू, मोह, तेंदू, चारोळी, हिरडा. या जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ साली ग्रामसभेच्या नावे मान्य झाला. वनहक्क कायद्याखाली असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा होते. त्याआधीची पंचवीसेक वर्षे मात्र गाव आणखी एक गोष्ट घडवत होते. ती नकाशावर दाखवता येत नाही, म्हणून तिच्याविषयी कमी बोलले जाते. ती म्हणजे निर्णय घेण्याची पद्धत.

आदर्श गाव पाहायला निघालेला माणूस सिमेंटचे रस्ते, बंद गटारे, रंगवलेली शाळा पाहायला जातो. त्यात गैर काही नाही. पण रस्ता एखाद्या योजनेतून होतो आणि योजना संपली की उखडतो. गाव कसे ठरवते, कोणाला विचारून ठरवते, ठरलेले पाळले नाही तर काय करते, या प्रश्नांची उत्तरे ज्या गावाकडे असतात तेच पुढच्या योजनेचाही नीट उपयोग करून घेते. मेंढ्याने ही उत्तरे स्वतः शोधली, आणि ती शोधताना बाहेरचे ज्ञान घेतले तरी बाहेरचा हुकूम घेतला नाही. म्हणून मला हे गाव महाराष्ट्रातल्या ग्रामीण प्रयोगांत सर्वांत मोलाचे वाटते.

सुरुवात एका विरोधातून झाली. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम अशी दोन मोठी धरणे बांधायचे घाटत होते. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा निघाला होता, आणि त्याच्या जंगलाचा मोठा भाग पाण्याखाली जाणार होता. लालश्याम शाह आणि बाबा आमटे यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले आणि धरणे मागे पडली. आंदोलन जिंकल्यावर गावोगावी एक साधा प्रश्न उरला. जंगल वाचवले खरे, पण ते आहे कोणाचे? पिढ्यान्‌पिढ्या ज्या जंगलातून सरपण, बांबू, मोह आणला, तिथे जायला आता वनरक्षकाची मर्जी सांभाळावी लागत होती. मालगुजारीच्या काळातले निस्तार हक्क, म्हणजे घरगुती गरजेपुरते जंगल वापरायचे हक्क, कागदोपत्री शाबूत होते, पण बहुतेक गावांना आपल्या निस्तारपत्रकात काय लिहिले आहे हेच ठाऊक नव्हते.

याच सुमारास मोहन हिराबाई हिरालाल मेंढ्यात येऊ लागले. जयप्रकाश नारायण यांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेले हे कार्यकर्ते ‘वृक्षमित्र’ या संस्थेच्या मार्फत अभ्यास करत होते आणि लोक स्वतः बसून निर्णय घेतात असे गाव शोधत होते. इथे त्यांची गाठ गावातल्याच देवाजी तोफा यांच्याशी पडली. पुढची जवळजवळ चार दशके हे दोघे एकमेकांच्या सोबत राहिले. एकाने कायद्याची पुस्तके गावात आणली, दुसऱ्याने त्यांतला मजकूर गोंडी बोलणाऱ्या घरांपर्यंत पोहोचवला. २०२५च्या जानेवारीत मोहनभाऊ गेले. गावाचे निर्णय आपण घ्यायचे नाहीत, हे पथ्य त्यांनी अखेरपर्यंत पाळले, आणि एखाद्या गावात इतकी वर्षे राबणाऱ्या कार्यकर्त्याला ते पाळणे किती जड जाते हे या क्षेत्रातल्या कोणालाही विचारावे.

गावाची रीत दोन बैठकांवर उभी आहे. पहिली अभ्यासगटाची. इथे कोणीही येऊ शकतो, बाहेरचा जाणकारही. विषय घ्यायचा, वाचायचे, विचारायचे, वाद घालायचा. पण इथे ठराव होत नाही. हे बंधन महत्त्वाचे आहे. निर्णय व्हायचा नसला की माणूस आपल्या बाजूला चिकटून बसत नाही, उघडपणे शंका काढतो, आणि बाहेरून आलेला तज्ज्ञही मत सांगून थांबतो. दुसरी बैठक ग्रामसभेची. तिथे फक्त गाव बसते. स्त्रिया आणि पुरुष दोघेही हवेत, आणि निर्णय सर्वसहमतीने व्हायला हवा. एकाचाही ठाम विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. पुन्हा अभ्यासगट, पुन्हा सभा.

बहुमताने झटपट ठरवले तर काय बिघडते, असे शहरातल्या माणसाला वाटेल. इथे जंगलाचा व्यवहार लक्षात घ्यावा लागतो. शंभर घरांपैकी साठ घरांनी ठरवले की अमुक भागात कुऱ्हाड चालवायची नाही, तर उरलेली चाळीस घरे रात्री काय करतात यावर जंगल टिकणार की नाही हे ठरते. गावाकडे पोलीस नाही, तुरुंग नाही. गस्त घालायला आळीपाळीने घरटी माणसे जातात, ती पगारी नसतात. अशा ठिकाणी हरलेला पक्ष शिल्लक ठेवणे परवडत नाही. चर्चेत वर्ष गेले तरी चालते, कारण अंमलबजावणीचा खर्च जवळपास शून्यावर येतो. लोकशाहीच्या पुस्तकात सर्वसहमतीला आदर्श म्हणून बाजूला ठेवतात. मेंढ्यात ती रोजच्या गरजेतून आली.

दारूचे उदाहरण घ्या. गोंडांच्या पूजाविधीत मोहाच्या दारूला जागा आहे, त्यामुळे ‘दारू वाईट’ एवढे म्हणून विषय संपत नव्हता. घरात मार खाणाऱ्या, मजुरीचे पैसे जाताना पाहणाऱ्या बायकांनी तो लावून धरला. पुरुषांचे म्हणणे होते की देवाला काय वाहायचे? चर्चा बरीच लांबली. शेवटी गावात दारूची विक्री बंद आणि विधीपुरती मुभा, असा मार्ग निघाला, आणि तो बायकांनी व पुरुषांनी मिळून काढला होता. १९९३ साली जिल्ह्यात सरकारी दारूबंदी आली. कायद्याची बंदी आणि गावाची बंदी यांत फरक काय, हे गडचिरोलीतल्या लोकांनी नंतरच्या वर्षांत जवळून पाहिले आहे. या चर्चांमुळे आणखी एक झाले. बायका सभेत बोलू लागल्या, आणि पुढे जंगलाच्या प्रत्येक निर्णयात त्यांचा शब्द लागू लागला. सरपण आणि मोह वेचणाऱ्या त्याच, जंगलाची रोजची खबर त्यांच्याकडेच असते.

गोटूलचा प्रसंग याच काळातला. तरुण पोरापोरींनी एकत्र जमायचे, गाणे-नाचणे, शिकणे-शिकवणे करायचे ते घर म्हणजे गोटूल. ही चाल मोडत चालली होती. गावाने ते पुन्हा बांधायचे ठरवले आणि परंपरेप्रमाणे जंगलातून सागाचे लाकूड आणले. वनखात्याने ते बेकायदा ठरवून बांधकाम पाडले. गावाने मारामारी केली नाही. आसपासच्या गावांची मोठी सभा भरवली आणि पुन्हा गोटूल उभारले, इतर गावांनीही आपापली उभारली. एका गावाचे लाकूड जप्त करता येते, पण परिसरातल्या कितीतरी गावांनी मिळून उभारलेली गोटुले पाडायला कोणी आले नाही. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आपल्या गावात आपले राज्य, ही गोंडी घोषणा लोकांना आधी या बांधकामातून कळली, मग कायद्यातून. तिची मराठी जोडी सर्वांना माहीत आहे: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.

आता बांबू. मेंढ्याचे अर्थकारण समजायचे तर बांबू समजावा लागतो. परिसरातला बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी कागद कारखान्याकडे जात होता. कापणारे मजूर गावचे, रांजी (बांबूचे बेट) गावच्या हद्दीतली, भाव मात्र दुसरीकडे ठरलेला. शिवाय कापणीची रीत अशी की रांजी उद्ध्वस्त व्हायची. अभ्यासगटाने बांबूचा अभ्यास केला: कोणत्या वयाचा तोडायचा, कोवळे कोंब कसे राखायचे, रांजीत किती ठेवायचे. गावाने कारखान्याची तोड थांबवण्याची भूमिका घेतली आणि ती टिकवली. असाच अभ्यास मधाचा झाला. पोळे जाळून मध काढायची जुनी पद्धत सोडून माश्या न मारता, पोळ्याचा फक्त मधाचा भाग काढायचे तंत्र गावकऱ्यांनी बसवले. गावच्या तरुणांनी झाडावर चढून ते शिकून घेतले, आणि पुढच्या मोसमात माश्या पुन्हा तिथे आल्या.

२००६ साली वनहक्क कायदा झाला, २००८च्या सुरुवातीला त्याचे नियम आले. बहुतेक गावांना हा कायदा नवा होता. मेंढ्याला नव्हता, कारण पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा १९९६चा कायदा इथे आधीच वाचून झाला होता. पाडा-टोलासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून सभा भरवू शकतो, ही त्यातली तरतूद गाव गट ग्रामपंचायतीत असतानाही जगत आले होते. सामूहिक दाव्यासाठी लागणारे पुरावे, हद्दीचे नकाशे, म्हाताऱ्यांच्या जबान्या, निस्तारपत्रक, सगळे तयार होते. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हास्तरीय समितीकडे गेला आणि २००९ साली मान्य झाला.

हक्क मिळाला, पण बांबू गावाबाहेर जाईना. वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात होता आणि १९२७च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती. वनहक्क कायदा तोच बांबू गौण वनोपज मानत होता. दोन कायद्यांच्या मध्ये गावाचा माल अडकला. दिल्लीपर्यंत पत्रे गेली. २०११च्या मार्चमध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना बांबू गौण वनोपज मानण्याविषयी लिहिले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मेंढ्यात आले. वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. तोवर वनाधिकाऱ्याची सही लागायची, आता ग्रामसभेची पुरली. एवढ्या छोट्या पुस्तकासाठी इतका झगडा का, असे ज्याला वाटेल त्याने बाजारात माल नेणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. मालावर हक्क असून तो हलवता येत नसेल तर भाव व्यापारीच ठरवतो. (बांबूला झाडाच्या व्याख्येतून वगळणारी दुरुस्ती २०१७ साली झाली. मेंढ्याने वाट दाखवल्यावर सहा वर्षांनी.)

पैसा आल्यावर गाव कसे वागते, ही खरी परीक्षा. ग्रामसभेने निविदा काढून बांबू विकला, स्वतःचा पॅन क्रमांक घेतला, बँकेतून व्यवहार सुरू केले, मजुरी पूर्वीपेक्षा चांगली दिली. गावकोषात मजुरीतला हिस्सा टाकायची रीत आधीपासून होतीच. रोजगार हमीची कामे राबवणारी यंत्रणा म्हणूनही ग्रामसभा पुढे आली. हिशेब सभेत वाचला जातो आणि त्यावर प्रश्न विचारता येतात. कापणीत संयम ठेवायचा तर पैशाच्या मोहालाही सभेतच उत्तर द्यावे लागते, आणि तिथे पुन्हा तीच लांबलेली चर्चा उपयोगी पडते.

२०१३ साली गावाने याहून मोठी उडी घेतली. महाराष्ट्र ग्रामदान कायदा १९६४चा, विनोबांच्या चळवळीतून आलेला, आणि जवळपास विस्मरणात गेलेला. मेंढ्याच्या जमीनधारकांनी आपल्या शेतजमिनींची मालकी ग्रामसभेकडे सोपवण्याचा निर्णय घेतला. कसायचा हक्क ज्याचा त्याच्याकडे आणि त्याच्या वारसांकडे राहतो, पण जमीन बाहेरच्याला विकता येत नाही. ज्या वर्षांत शहरांलगतच्या गावांत गुंठेवारीने जमिनी जात होत्या, त्या वर्षांत शंभर घरांनी हे केले. नोंदींसाठी मात्र गावाला अनेक वर्षे थांबावे लागले, न्यायालयापर्यंत जावे लागले. या उशिराचा मला राग येतो, कारण कायदा सरकारचाच होता आणि गावाने तो शब्दशः पाळला होता.

या रीतीविषयी शंका घेणारे आहेत, आणि त्यांचे ऐकले पाहिजे. सर्वसहमतीत अबोल माणूस दबतो. त्याचे गप्प बसणे होकार धरले जाते. एकाच जमातीच्या लहान गावात जे जमले ते जातींनी विभागलेल्या पाच हजारांच्या गावात जमेल का? देवाजींसारखी माणसे नसतील तर? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर थोडेफार मिळाले आहे. आज गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने बांबूचा कारभार स्वतः बसवला. अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करतात, आणि कंत्राटदारांशी एकेकट्याने बोलण्यापेक्षा एकत्र बोलतात. कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा स्थापली. तिथे प्रत्येक गावाने पुरुषांबरोबर स्त्री प्रतिनिधीही पाठवायचे असतात. जातींच्या गावाविषयीच्या शंकेला मात्र अजून पूर्ण उत्तर नाही. तिथे सुरुवात ठराव न करणाऱ्या अभ्यासगटापासून करता येईल असे मला वाटते, कारण ज्यांना एका ओटीवर बसवणे कठीण आहे त्यांना एकाच विषयाचा अभ्यास करायला बसवणे त्यापेक्षा सोपे असते. मिलिंद बोकील यांनी या गावावर मराठीत एक सविस्तर पुस्तक लिहिले आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायत सदस्यांनी ते मिळवून वाचावे आणि मग एखाद्या हंगामात धानोऱ्याची गाडी धरावी. जाण्याआधी ग्रामसभेला पत्र पाठवावे.