शाळा म्हणते, ‘मुलाला तपासून आणा’ : पालकांनी काय करावे?

शाळेतून बोलावणे येते. बाई सांगतात, “मुलाचे अभ्यासात लक्ष नाही, मारामारी करतो, एकदा डॉक्टरांना दाखवून आणा.” कामाचा खाडा करून गेलेल्या आईच्या काळजात धस्स होते. घरी बाप चिडतो, “माझा पोरगा काय वेडा आहे काय?” नातेवाईकांपैकी कोणी देवऋषाकडे न्या म्हणतो, कोणी चार फटके द्या म्हणतो. या गडबडीत मुलाला नेमके काय होते आहे, हे विचारायचे राहूनच जाते. म्हणून ही तपासणी कशी होते आणि तिचा कागद हाती आल्यावर काय करायचे, हे आपल्या घराघरांत माहीत असावे, असे आम्हाला वाटते.

ही थोड्याथोडक्या घरांची गोष्ट नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलामुलींपैकी ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचे आढळले. म्हणजे शंभर मुलांमागे सात. त्यांना वेडे म्हणून कोपऱ्यात बसवणे हा अन्याय आहे आणि अंगारे-धुपारे करण्यात वर्ष घालवणे हे नुकसान आहे.

तपासणीत काय होते?

आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. फळा नीट दिसत नाही किंवा कमी ऐकू येते, म्हणून मागे पडलेले मूलही ‘ढ’ ठरते. अंगात रक्त कमी असले, झोप पुरी होत नसली, तरी मूल चिडचिडे व सुस्त होते.

त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ आईवडिलांशी बोलतात. बाळंतपण कसे झाले, मूल कधी चालू-बोलू लागले, कधी फेफरे आले होते का, घरात दारू किंवा भांडण आहे का, असे प्रश्न विचारतात. लाजून काही लपवू नये. मुलाच्या वह्या सोबत न्याव्यात, त्यांतून पुष्कळ कळते.

कधी एक छापील प्रश्नावली भरून घेतात. इंग्लंडचे डॉ. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली मांडलेली २५ विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. मूल घाबरते का, मित्र आहेत का, दुसऱ्याला मदत करते का, अशी ती विधाने असतात. एक प्रत पालक भरतात, एक शिक्षक भरतात आणि ११ वर्षांपुढचे मूल स्वतःही भरते. मात्र अशा प्रश्नावलीवरून आजार ठरत नाही. पुढे नीट तपासायला हवे की नको, एवढेच तिच्यावरून कळते. अतिचंचलतेचेच पाहा. वयाला न शोभणारी चंचलता निदान सहा महिने टिकलेली असावी आणि ती घरी व शाळेत अशी एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागते. केवळ एका वर्गात, एकाच शिक्षकांसमोर मूल बिथरत असेल, तर त्या वर्गात काय चालले आहे तेही पाहिले पाहिजे.

बुद्ध्यांकाचा आकडा

गरज वाटल्यास बुद्धिमापन चाचणी घेतात. १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी ती तयार केली, ती शाळेत जादा मदत लागणारी मुले ओळखण्यासाठी. बुद्धी जन्मभरासाठी ठरलेली असते, या समजुतीला बिने यांचा स्वतःचा विरोध होता. पुढे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली ही चाचणी मराठी व कन्नड मुलांसाठी बसवली. नागपूरचे डॉ. मालिन यांनी १९६९ साली भारतीय मुलांसाठी आणखी एक चाचणी तयार केली.

ही नावे सांगण्याचे कारण असे की, चाचणी मुलाच्या भाषेत झाली पाहिजे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची इंग्रजीतून चाचणी घेतली, तर बुद्धीपेक्षा इंग्रजीच मोजली जाईल. उपाशी, आजारी, घाबरलेल्या मुलाचा आकडाही खाली येतो. तेव्हा चाचणी कोणत्या भाषेत घेतली, हे जरूर विचारावे.

बुद्धी चांगली असूनही काही मुलांना वाचता-लिहिता येत नाही. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. नेमून दिलेल्या सरकारी वा पालिका रुग्णालयाचा दाखला मिळाल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ व इतर सवलती मिळतात. आपल्या मुलांनी या हक्काला मुकू नये.

वयात आलेली मुले

मुलगा किंवा मुलगी अचानक गप्प झाली, मैत्री तोडली, झोप उडाली, अंगावर ओरखडे दिसू लागले, मरणाची भाषा बोलू लागली, तर थांबू नये. “तुझ्या मनात जीव द्यायचे येते का?” असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. तपासताना तज्ज्ञांना मुलाशी एकट्याने बोलू द्यावे. टेलि-मानस ही सरकारी फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६, आणि फोनला पैसे पडत नाहीत.

कायदा आपल्या बाजूने आहे

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे कोणाची आर्थिक वा सामाजिक स्थिती, किंवा तो कोणत्या सांस्कृतिक, वांशिक वा धार्मिक गटातला आहे, यावरून त्याला मानसिक आजार आहे असे ठरवता येत नाही. ‘या वस्तीतली पोरे अशीच’ असे म्हणणाऱ्यांना हे ऐकवावे. वर्गात जातीवरून टोमणे बसतात म्हणून मूल शाळा टाळत असेल, तर ते तज्ज्ञांना स्पष्ट सांगावे. दुखणे वर्गात असताना औषध एकट्या मुलाला देऊन भागणार नाही. याच कायद्याने माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. शाळेला गरजेपुरतेच सांगावे आणि कागदांची एक प्रत आपल्यापाशी जपून ठेवावी.

जिल्हा रुग्णालयात, तसेच ठाणे, पुण्याचे येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात चौकशी करावी. मुंबईत नायर, सायन, के.ई.एम. ही पालिकेची मोठी रुग्णालये आहेत. कागद मिळाला की तीन गोष्टी विचाराव्यात : मुलाला काय होते आहे, घरी आम्ही काय करायचे, आणि पुन्हा कधी दाखवायचे? आणि तिथे एकट्या आईला पाठवू नये. बापानेही एक दिवसाचा खाडा सोसून मुलाचा हात धरून जावे.